मुठीत न मावणारं पिस्तूल

दादा, तुझ्या पुण्यानुमोदनाला कर्नलसाहेब आले होते. निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली, पण गाडी थांबल्यावर अजूनही ते दार कुणीतरी उघडायची वाट बघत बसतात. कुणी उघडलं नाही. विहाराच्या पायरीवर सगळे चपला काढण्यात गुंतले होते. शेवटी स्वतःच उतरले, ब्लेझर सारखा केला आणि आत येऊन थेट पहिल्या रांगेत बसले. त्रिशरण-पंचशील चालू असताना दोनदा घड्याळ बघितलं. मी मोजलं नाही, दिसलं.

वहिनीला त्यांनी भेट आणली होती. सागवानी फळी आणि तिच्यावर पितळेचं छोटं पिस्तूल ठोकलेलं. नवरा गेल्याला दहा दिवस झालेल्या बाईच्या हातात कुणी पिस्तूल देतं का? तिने ते घेतलं, दोन्ही हातांनी, तू शिकवल्यासारखं. मग साहेब बोलायला उभे राहिले. "आज हमारी फौज की कमर पर जो पिस्तौल है, उसके चुनाव में हमारे सूबेदार साहब का बहुत बड़ा हाथ था. ऐसे अनुशासित आदमी मैंने कम देखे हैं." लोकांनी माना डोलावल्या. आपल्या आळीतल्या पोराने फौजेचं पिस्तूल निवडलं, म्हणजे केवढी गोष्ट. मामांनी तर डोळे पुसले.

मी दुसऱ्या रांगेत होते. पुढे काय झालं ते सांगते, पण आधी मला तुझ्याशी भांडायचं आहे. ते आपलं अर्धवट राहिलंय.

तू त्या वर्षी सुट्टीवर आलास तेव्हा तुझ्या बॅगेत मिठाईच्या डब्याखाली लाकडाची एक मूठ होती. पिस्तुलाची फक्त मूठ, वर काही नाही. तूच कोरून, घासून केलेली, खटक्याची आणि घोड्याची जागा खुणा करून दाखवलेली. आर्मरर माणूस तू, आयुष्यभर दुसऱ्यांची हत्यारं खोलून, पुसून, दुरुस्त करून परत द्यायचं काम. पण त्या वेळी तुला पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी विचारलं होतं. फौजेला कमरेचं नवीन पिस्तूल निवडायचं होतं, आणि ज्या तुकडीने चाचण्या घ्यायच्या तिच्यात तुझं नाव होतं. तू हे आम्हाला जेवताना सांगितलंस, आणि सांगितल्यावर भाताचा घास हातात धरून बसून राहिलास. इतकं खूश मी तुला तुझ्या लग्नातही बघितलं नव्हतं.

मी म्हणाले, "त्यात काय निवडायचं? लढाई काय पिस्तुलाने होते? साहेब लोक कमरेला लावतात, फोटोत बरं दिसतं म्हणून."

तू चिडला नाहीस. तू म्हणालास, "शोभा, तगड्या जवानाकडे रायफल असते. पिस्तूल असतं ड्रायव्हरकडे, डॉक्टरकडे, वायरलेसवाल्याकडे. ज्याच्याकडे दुसरं काही उरत नाही ना, त्याचं हत्यार आहे ते. म्हणून ते कुठल्याही हातात बसलं पाहिजे."

हे वाक्य मी विसरले नाही. विसरले असते तर पुढचं सगळं सोपं गेलं असतं.

मग तू हात मोजत सुटलास. फुलस्केप वहीवर प्रत्येकाचा पंजा ठेवायचा, पेन्सिलीने कड काढायची, आणि मग ती लाकडी मूठ हातात देऊन अंगठा कुठवर पोचतो ते बघायचं. वहिनीचा हात घेतलास, आईचा घेतलास. आई म्हणाली, "माझा हात कशाला रं? मी काय बंदूक चालवनार हाय?" तरी दिला तिने, पदराला पुसून. शेजारच्या पॉवरलूमवाल्यांचे घेतलेस. दुसऱ्या दिवशी माझ्या एसटी डेपोत आलास आणि ड्रायव्हर, कंडक्टर, कँटीनमधली बाई, सगळ्यांचे पंजे काढून घेतलेस. डेपोत महिनाभर माझी चेष्टा चालली होती. पण तुझ्या वहीत माझा हात सगळ्यात लहान निघाला. त्या मुठीवर माझा अंगठा सेफ्टीपर्यंत, म्हणजे गोळी अडवून ठेवणाऱ्या त्या खटक्यापर्यंत, पोचतच नव्हता. पोचवायला गेलं की अख्खी मूठ तळव्यात फिरायची आणि पहिलं बोट आपसूक पुढे सरकायचं, घोड्यावर.

"परत कर," तू म्हणालास. मी परत केलं. दहा वेळा केलं. दहाही वेळा बोट तिथेच गेलं.

तुझा चेहरा तेव्हा कसा झाला होता ते मी सांगू शकते. डॉक्टर रिपोर्ट वाचतो आणि पेशंटकडे बघायच्या आधी क्षणभर थांबतो, तसा.

चाचणीत तीन पिस्तुलं होती. कंपन्यांची नावं तू कधी घेतली नाहीस, एक, दोन आणि तीन म्हणायचास. एक जाडजूड, काळंभोर, पोटात गोळ्या जास्त; तुझी ती लाकडी मूठ याच्याच मापाची. दोन सडपातळ, गोळ्या कमी, दिसायला अगदी साधं. तीन सगळ्यात देखणं, पण वाळूत घातलं की अडकायचं, म्हणून ते लवकरच बाद झालं. राहिली दोन. तू सांगितलंस की चाचणीला नेमबाज आणले होते, सहा-सहा फुटी, भाकरीएवढे पंजे. त्यांच्या हातात एक नंबर खेळण्यासारखं बसायचं. तू मोठ्या हिमतीने याच कर्नलसाहेबांना म्हणालास की कारकून, स्वयंपाकी, नर्सिंगवाल्या मुली, यांनाही चालवून बघू द्या. साहेब हसले. "सूबेदार, ट्रायल है, मेला नहीं."

आणि दोन नंबर का नको? तर ते "गरीब" दिसतं. हा शब्द तूच मला सांगितलास. फौजेतल्या मोठमोठ्या लोकांनी, ज्यांच्या छातीवर पदकांना जागा पुरत नाही, त्यांनी एक हत्यार नाकारलं कारण ते गरीब दिसतं. साडी निवडताना आपल्या मावश्यासुद्धा आधी कापड हाताने चोळून बघतात.

तरी तू लिहिलंस. रिपोर्टला जोडायचं एक पान, तुझ्या त्या गोल, शाळेतल्या अक्षरात. कुणाच्या हातात काय होतं, बोट कुठे जातं, आणि त्यातून काय होऊ शकतं. मला ते पान तू नंतर दाखवलंस म्हणून मला माहीत आहे. शेवटचं वाक्य होतं, "लहान हाताच्या जवानाकडून सेफ्टी लावताना गोळी सुटण्याचा धोका आहे." सरळ, स्वच्छ. त्यात एकही शब्द जास्त नव्हता.

साहेबांनी ते पान काढायला सांगितलं. ओरडले नाहीत, धमकी दिली नाही. म्हणाले, "ये हटा दीजिए, रिपोर्ट लंबी हो रही है." आणि तू काढलंस. उरलेल्या रिपोर्टवर सही केलीस. पान फाडून टाकायचं होतं ते फाडलं नाहीस, घडी करून खिशात ठेवलंस. नियम मोडलास तर एवढाच. जो मोडून कुणाचं भलं होणार नाही असा एकच नियम तुला मोडता आला.

मी साहेबांना माफ करत नाही, पण त्यांचं मला नवल वाटत नाही. अशी माणसं मी गाडीत रोज बघते. चढताना बाकीच्यांना ढकलतात आणि बसायला जागा मिळाली की गर्दीबद्दल भाषण देतात. माझा राग त्यांच्यावर खर्च करावा एवढे ते मोठे नाहीत. माझा राग तुझ्यावर आहे.

नवीन पिस्तुलं आली. जिथे मुलींची एक तुकडी शिकत होती त्या सेंटरवर पहिली खेप पोचली आणि तुझी बदली तिथेच झाली, हत्यारखान्यावर. त्या मुलींत आपल्याकडची एक होती. सुवर्णा. अंबाडी नाक्याच्या आतल्या गावातली, बापाची भातशेती. तुझं बोलणं ऐकून ती पहिल्याच आठवड्यात तुझ्यापाशी आली होती. तिला बरं वाटलं असणार. इतक्या लांब कुणीतरी आपल्या बोलीतलं भेटलं.

पुढचं तू मला अकलोलीला सांगितलंस. त्याआधी वर्षभर काही बोलला नव्हतास. तू निवृत्त होऊन घरी आला होतास, गुडघे दुखत होते, म्हणून माझ्या सुट्टीच्या दिवशी सकाळी आपण कुंडावर गेलो. गरम पाण्यात पाय सोडून बसलो. शेजारी कुणाचं तरी सासर-माहेर एकत्र आंघोळीला आलं होतं, कलकलाट चालला होता. आणि त्या कलकलाटात तू पाण्याकडे बघत सांगायला लागलास.

"ती माझ्याकडे आली होती. म्हणाली, साहेब, अंगठा पोचत न्हाय हो."

"मग?"

"मी म्हणालो, सराव कर. सवय होईल."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय म्हणालास?"

"सवय होईल म्हणालो."

पंधरा दिवसांनी फायरिंग संपल्यावर सेफ्टी लावायचा हुकूम झाला. अंगठा पोचेना म्हणून सुवर्णाने डावा हात मदतीला घेतला. मूठ तळव्यात फिरली, बोट पुढे सरकलं. गोळी तिच्या डाव्या हातातून गेली. दोन बोटं गेली. चौकशी बसली. चौकशीने तिच्या कागदावर लिहिलं, हाताळणीतील निष्काळजीपणा. तुला साक्षीला बोलावलं आणि विचारलं, हत्यारात काही दोष होता का? तू म्हणालास, नाही. हत्यार तपासलं, व्यवस्थित होतं.

"ते खरंच होतं," तू मला म्हणालास. "हत्यारात बिघाड नव्हता."

दादा, तू मला ते असं सांगितलंस की जणू मीच चौकशीची अधिकारी आहे.

मी म्हणाले, "तुझ्या खिशात पान आहे ना?" ते तू बरोबर घेऊनच आला होतास. काढून दाखवलंस. मी वाचलं. म्हणाले, "हे दे इकडे. मी नेऊन देते तिला." तू हात मागे घेतलास. म्हणालास, गुप्त कागद आहे, जवळ ठेवला हाच गुन्हा आहे. म्हणालास, नोकरीतल्या नोंदी खराब होतील. तुझ्या घराचं काय, वहिनीचं काय. म्हणालास, साहेबांनाही त्रास होईल.

साहेबांना त्रास होईल. ती पोरगी दोन बोटं गमावून, वरून निष्काळजी ठरून, बापाच्या घरी परत आलेली, आणि तुला साहेबांच्या त्रासाची काळजी.

मी तुला तेव्हा जे बोलले ते तुला आठवत असेल. मी ते परत घेत नाही. मी म्हणाले, "तीस वर्षं हत्यारं पुसलीस तू, पण हत्यार उचलायची वेळ आली तेव्हा तुझ्याकडून एक कागद उचलला गेला नाही." तू पाण्यातून पाय काढलेस, पुसलेस, आणि स्टँडकडे चालायला लागलास. गुडघ्यांमुळे हळू. मी मागे थांबले मुद्दाम. तुला एकट्याला जाऊ दिलं.

त्यानंतर दोन वर्षं. तू दर पंधरा दिवसांनी अकलोलीला जायचास, आणि माझी ड्युटी भिवंडी-गणेशपुरीवर. किती वेळा तू माझ्याच गाडीत चढलास. "एक अकलोली." मी तिकीट दिलं. "पुढे सरका," म्हणाले, बाकीच्यांना म्हणते तसं. तू सरकलास. दुसरी गाडी अर्ध्या तासाने होती. तुला माझी ड्युटी माहीत होती. तू माझ्याच गाडीची वेळ धरून येत होतास हे मला कळत होतं, आणि मी कळू दिलं नाही. हे माझ्याकडून राहिलं. हे मी लिहून ठेवते आहे, कारण सगळा तिरस्कार एकट्या तुझ्या नावावर टाकणं बरं नाही.

वळ गावच्या गोदामात तू सिक्युरिटी सुपरवायझर झालास. एकदा वहिनीचा डबा द्यायला मी तिथे आले होते. पंचविशीतला कुणी मॅनेजर गाडीतून आला आणि तू उभा राहून त्याला कडक सलाम ठोकलास. त्याने फोनमधून मानही वर केली नाही. तू मात्र तो आत जाईपर्यंत हात खाली घेतला नाहीस. मी डबा खुर्चीवर ठेवून निघाले. मला तुझी कीव आली असती तर बरं झालं असतं. मला किळस आली. शिस्त, शिस्त म्हणून सगळे तुझं कौतुक करतात. तुला फक्त कुणीतरी वर हवं होतं, ज्याच्याकडे बघून मान हलवता येईल.

आणि तरी हाच माणूस, मी कंडक्टर झाले तेव्हा, सगळं घर विरोधात असताना एकटा माझ्या बाजूने उभा होता. मामा म्हणाले होते, बाईमाणूस, गर्दीत पुरुषांचे धक्के खाणार. तू मला अंगणात नेलंस आणि माझं मनगट घट्ट धरलंस. "सोडव." मी ओढत बसले. तू म्हणालास, "मागे ओढू नको. जिथे त्याचा अंगठा आहे ना, तिकडे फिरव. तुझा हात लहान आहे, पटकन सुटेल." आणि सुटला. संध्याकाळपर्यंत तू मला ते करायला लावलंस, मनगट लाल होईपर्यंत. माझ्या नोकरीत ते तीनदा कामी आलं. तिन्ही वेळा सुटल्यावर मला आधी तुझी आठवण आली आणि मग भीती वाटली. लहान हाताचं काय करायचं हे तुला इतकं नेमकं ठाऊक होतं. म्हणूनच तर तुला सोडता येत नाही. ज्याला कळलंच नाही त्याच्यावर कोण रागावेल?

तू गेलास ते मला वहिनीने फोनवर सांगितलं. दुपारची वेळ, गेटवरच्या खुर्चीत. आत जायची वाट बघणाऱ्या एका ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला, तू उठला नाहीस, तेव्हा त्यांना कळलं. मी गाडीत होते. वज्रेश्वरीला पोचेपर्यंत मी तिकिटं फाडत राहिले. एका म्हातारीने विचारलं, "काय गं बाय, बरं न्हाय का?" मी म्हणाले, भाऊ गेला. ती म्हणाली, "बस जराशी." आणि स्वतः उठून तिने मला जागा दिली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी पहिल्यांदा प्रवाशाच्या जागेवर बसले.

आता विहारात परत येते. साहेब बोलून बसले. भंतेजींनी विचारलं, आणखी कुणाला बोलायचंय? मी उठले. वहिनीने माझ्याकडे बघितलं, पण अडवलं नाही.

मी साहेबांना नमस्कार केला. हिंदीतच बोलले, म्हणजे त्यांना दुसऱ्या कुणाला विचारावं लागू नये. म्हणाले, "साहब, आप कह रहे हैं इस पिस्तौल के चुनाव में मेरे भाई का हाथ था. मेरे भाई ने एक पन्ना लिखा था कि ये पिस्तौल छोटे हाथ में नहीं बैठती, गोली छूट सकती है. आपने वो पन्ना निकलवा दिया. उसने निकाल दिया. फिर एक लड़की के हाथ से गोली आर-पार हुई. तो हाथ किसका था, आप ही बताइए."

साहेबांनी माझ्याकडे नाही, फळीवरच्या पितळी पिस्तुलाकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "बहनजी, आप दुख में हैं." मी म्हणाले, "दुख में तो हूँ. पर झूठ नहीं बोल रही." ते उठले. जाताना भंतेजींना हात जोडले, जेवायला थांबले नाहीत. मामा माझ्यावर भडकले. "माणूस गेलाय, त्याच्या कार्यक्रमात त्याचंच नाव घालवलंस." मी वाढायला घेतलं.

सगळे गेल्यावर वहिनीने कपाटातून तुझं ते पान आणून माझ्या हातात दिलं. घडीवर फाटायला आलेलं. मी विचारलं, "त्याने सांगितलं होतं मला द्यायला?"

"नाही," ती म्हणाली. "त्यांनी काहीच सांगितलं नाही. मी देतेय."

मी म्हणाले, नोंदी निघतील, त्याचं नाव येईल, लोक तोंडावर बोलतील. वहिनी खरकटी ताटं गोळा करत म्हणाली, "वीस वर्षं मी त्यांचे बिल्ले पुसले ताई. आता थोडा डाग मलाही चालेल."

तुझ्या बायकोला तू कधी ओळखलं होतंस का दादा? मी तर नव्हतं.

सुवर्णाला शोधायला वेळ लागला नाही. अंबाडीला उतरून मिलिटरीतून परत आलेली पोरगी म्हटलं की कुणीही घर दाखवतं. ती नुकतीच शिफ्टवरून आली होती, दारात उभी राहून चहा पीत होती. कप उजव्या हातात. डावा हात ओढणीत. मी कोण ते सांगितलं. तिने आत बोलावलं नाही, बाहेरच्या ओट्यावर बसायला सांगितलं.

पान मी तिला दिलं. तिने दोनदा वाचलं. मग कप खाली ठेवला.

"हे कधी लिवलं त्यांनी?"

"तू यायच्या आधी."

तिने पानाची घडी होती तशी घातली. मग म्हणाली, "मी वळच्या गोदामात पॅकिंगला जाते ताई. गार्डच्या नोकरीला गेले होते, त्यांनी कागद बघितला, निष्काळजी वाचलं आणि न्हाय म्हनाले. तुमचे भाऊ तिथंच गेटवर असायचे. मी पहिल्याच दिवशी ओळखलं. त्यांनी पन ओळखलं."

मला हे माहीत नव्हतं.

"काही बोलला?"

"न्हाय. माझी बॅग तपासली. खाली बघून. मग रोज तसंच. आठ महिने. मी वाट बघायची, आज तरी काय बोलतील. मला वाटायचं, हात दुखतो का, एवढं तरी विचारतील. मला ते पान म्हाईत असतं तर मीच विचारलं असतं." तिने ओढणी नीट केली. "त्यांच्या खिशातच असनार ना ते? माझी बॅग तपासायचे तवा?"

दादा, मी तुझी बाजू घेतली नाही. घेता आली नाही. ओट्यावर बसून मी फक्त मान हलवली. असणार. तुझ्या शर्टाच्या आतल्या खिशात, जिथे ते कायम असायचं. आठ महिने रोज सकाळी ती तुझ्यापासून हातभर अंतरावर उभी राहत होती.

निष्काळजीपणाच्या त्या शेऱ्याविरुद्ध तिचं अपील चालू होतं, तारखांवर तारखा पडत. तिने विचारलं, "हे पान त्यांनीच लिवलं हे कोन सांगनार? ते तर गेले." मी म्हणाले, मी सांगेन. मला पाचवीपासून त्याने निबंध लिहून दिलेत, ते अक्षर मी कुठेही ओळखेन.

गेल्या आठवड्यात आम्ही दोघी भिवंडी कोर्टाजवळच्या एका वकिलांकडे गेलो. माझं प्रतिज्ञापत्र करायचं होतं. त्याच्या आदल्याच दिवशी साहेबांचा वहिनीला फोन येऊन गेला होता, सूबेदार साहब की इज़्ज़त का सवाल है म्हणून. वहिनीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, फळी पाठवून देते, पत्ता सांगा.

वकील टाईप करत होते. हे अक्षर कोणाचं? माझ्या भावाचं. हा कागद कुठे होता? त्याच्या खिशात. मग त्यांनी विचारलं, "मॅडम, त्यांनी हा कागद चौकशीसमोर का ठेवला नाही? सेवेच्या शिस्तीमुळे, असं घालूया का? बरं दिसेल."

"नको," मी म्हणाले. "घाबरला, असं लिहा."

त्यांनी बोटं थांबवली. "सख्खा भाऊ ना तुमचा?"

"हो. सख्खा. लिहा."

त्यांनी लिहिलं. मी बघत होते, अक्षरं एकेक करून पडद्यावर उमटत होती.

तेव्हा सुवर्णा, जी इतका वेळ खिडकीपाशी बसून होती, ती म्हणाली, "वकीलसाहेब, आनखी एक लिवा. एवढ्या मोठ्या मोठ्या लोकांत कुनाला दिसलं न्हाय, ते त्यांना आधी दिसलं होतं. ते बी लिवा."

वकिलांनी माझ्याकडे बघितलं. मी हो म्हणाले.

त्यांनी दोन्ही वाक्यं एकाखाली एक घातली, वाचून दाखवली, आणि मी सही केली.